सुतकातला हप्ता

सेजलची स्कूटी अंगणाच्या कडेला थांबली आणि ओट्यावरचं बोलणंही थांबलं. भावकीतलं बोलणं असं एकाएकी तुटलं, की ते आपल्याबद्दलच चाललं होतं हे कळायला फारशी अक्कल लागत नाही. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, तोंडावरची धूळ पुसली आणि गाडीच्या डिकीतून भाजीची पिशवी काढली.

"आलीस काय गो?" महिपतीनं विचारलं. तिचा थोरला काका. ओट्याच्या पायरीवर, बरोबर दाराच्या तोंडाशी, काठी आडवी टाकून तो बसला होता. "ऊन लय हाय. पानी घे."

"घेते, काका."

पाणी तिला साक्षीनं, तिच्या भावजयीनं आणून दिलं. तांब्या हातात न देता ओट्याच्या कडेवर ठेवला. साक्षीला सुतक होतं, सेजलचं फिटलं होतं. आबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तिला न्हायला लावून सगळ्यांनी मोकळं केलं होतं. लग्न झालेल्या लेकीचं सुतक तेवढंच, असं वाडीत चालत आलेलं. भाऊ, भावजय, काका, चुलत घरं, सगळ्यांना दहा दिवस, आणि ज्या लेकीच्या मांडीवर बापानं तिच्या लहानपणी निम्म्या दुपारी डोकं टेकून झोप काढली होती, तिला तीन. चौथ्या दिवशी ती महाडला परत गेली, औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कंपनीत पाकिटं भरायच्या कामावर उभी राहिली, आणि शेजारची बाई म्हणाली, "झालं का सगळं नीट?" झालं म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आबांचं नाव सहदेव. राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पाला जाळून जमीन भाजायला म्हणून सकाळी वरच्या शेतावर गेले, पाला पेटवला, धुराच्या बाजूला सावलीत टेकले आणि मग उठलेच नाहीत. राब मात्र नीट भाजून झाला होता. वाडीतले लोक अजून तेच बोलत होते, की काम पुरं करून गेला माणूस. सेजलला त्या कौतुकाचा राग यायचा. पुरं कुठं झालं होतं? सगळं अर्ध्यावर टाकून ते गेले होते. आज पाच तारीख होती, हप्त्याची, आणि पाच तारखेचाच घोर तिला घाटाच्या चढणीवरून इथवर घेऊन आला होता.

"अक्षय कुठाय?" तिनं भावाचं विचारलं.

"मागं हाय. येईल," साक्षी म्हणाली, आणि तिनं डोळ्यांनी वर, घरामागच्या डोंगराकडे दाखवलं.

डोंगराकडे आता घरातला प्रत्येकजण असंच डोळ्यांनी दाखवायचा. तोंडानं त्या भेगेचं नाव कुणी काढत नव्हतं. दोन वर्षांमागच्या श्रावणात ती दिसली, घराच्या वर, जांभळीच्या पलीकडे. माणसाचा हात आत जाईल एवढी. सरकारी लोक आले, खुंट्या मारून गेले, आणि सांगून गेले की पावसाळ्यात इथं राहायचं नाही. दोन पावसाळे पोलादपूरच्या शाळेच्या वर्गात काढले सगळ्यांनी. फळ्याखाली चूल, बाकांवर अंथरुणं. तिथंच अक्षयची लेक ओवी तापानं अशी फणफणली, की साक्षी तेव्हापासून पावसाचा आवाज आला तरी उठून बसते. मग आबांनीच ठरवलं, खाली पोलादपुरात दोन खोल्या घ्यायच्या. खोल्या बघितल्या, बयाणा दिला, बँकेत अक्षयच्या नावानं घरकर्जाचा अर्ज घातला. बँकेनं नाही म्हटलं. सिबिलवर डाग आहेत म्हणाले.

डाग दोन होते. पिकअपच्या कर्जाचे. महाडच्या एका फायनान्स कंपनीकडून अक्षयनं पिकअप घेतली होती, आणि तिचे दोन हप्ते उशिरा गेले होते.

आबांनी तेव्हा धुतलेली टोपी घातली आणि सेजलला सोबत घेऊन ते त्या कंपनीत गेले. तिथल्या शाखेच्या मुख्य विनीता मॅडम. पुण्याकडच्या, बोलायला नेमक्या, पण माणसाला बसा म्हणणाऱ्या. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आबांकडे वळवला. सगळे महिने हिरवे, मध्येच दोन लाल.

"हे दोन हप्ते उशिरा आले, सहदेवराव. बँकेला हेच दिसतं."

आबांना वाचता येत होतं, पण त्यांनी महिने बोटानं चाचपून बघितले. मग म्हणाले, "ही आमची आय गेली तो महिना. आनि हा आमचा बाळ गेला तो."

तुळजाबाई, आबांची आई, म्हातारी होऊन गेली. बाळ म्हणजे महिपती काकाचा एकुलता एक. तो कशेडी घाटात गेला. दोन्ही वेळा पाच तारीख सुतकात आली, आणि सुतकात या घरातून काही बाहेर जात नाही. मीठ नाही, बियाणं नाही, विरजणाचा थेंब नाही, आणि पैसा तर नाहीच. गेलेल्या माणसाचा जीव अजून घरात घुटमळत असतो, त्याच्या देखत घर रिकामं करू नये, अशी यांची समजूत. हप्ता तारीख उलटून गेला. देणं बुडवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. कंपनीला चार दिवस थांबायला काय झालं, मयताच्या घरी तर सावकारसुद्धा थांबतो, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

"मानूस गेल्याचा पन डाग लागतो काय, मॅडम?" आबांनी विचारलं.

विनीता मॅडमनी पडदा परत आपल्याकडे वळवला. मग त्यांनी सरळ सांगितलं. "नोंद चुकीची असती तर आजच तक्रार घालून ती काढली असती. पण उशीर झाला हे खरं आहे, आणि खरी नोंद मला माझ्या हातानं पुसता येत नाही. एक वाट आहे. घरातल्या मृत्यूमुळे उशीर झाला, अशी विनंती मुख्य कार्यालयाकडे करता येते. मृत्यूचे दाखले जोडायचे. त्यांची अट एकच, की इथून पुढे कर्ज फिटेपर्यंत एकही हप्ता तारखेला चुकता कामा नये. शेवटचा धरून. मग ते सिबिलला कळवतात आणि त्या नोंदी निघतात."

"निघतील?"

"मी विनंती मनापासून करीन. एवढंच सांगू शकते."

त्या दिवसापासून आबा दर महिन्याला तारखेच्या आधीच एसटीनं महाडला उतरायचे, काउंटरवर हप्ता भरायचे आणि जाता जाता सेजलच्या दारात उभ्या उभ्या चहा घ्यायचे. "एक डाग धुतला," म्हणायचे. प्रत्यक्षात डाग होता तिथंच होता, पण त्यांना तसं म्हणायला आवडायचं. आता एकच हप्ता राहिला होता. शेवटचा. आणि तो आबांच्याच सुतकात आला होता.

अक्षय मागून आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. बहिणीला बघून तो ओट्यावर टेकला.

"मॅडमशी बोललीस, ताई?"

"सकाळीच बोलले. तारीख हलत नाय. आज संध्याकाळपर्यंत पाहिजेत, काउंटरवर नायतर फोनवरून."

"मी तेच म्हणतोय यांना सकाळपासून," अक्षय म्हणाला. "फोनवरून टाकतो. कोणी घरातून उठायला नको, उंबरा ओलांडायला नको. बटण दाबलं की झालं."

"उंबरा नोटेनं ओलांडला काय आनि फोननं ओलांडला काय," महिपती म्हणाला. "पैसा घरचाच ना?"

"काका, पैसा माझ्या खात्यात आहे. खातं पोलादपुरात आहे. घरात हायच कुठं तो?"

"तू कुठं हायस? घरातच ना? मग तुजा पैसा बी घरातच."

चुलतघरातली दोन माणसं खांबाला टेकून बसली होती, त्यांनी माना डोलावल्या. ही माणसं उद्याच्या दहाव्याची तयारी ठरवायला आली होती, आणि माना डोलावण्यापलीकडे त्यांनी अजून काही ठरवलेलं दिसत नव्हतं.

"काका, दोन महिने राहिलेत पावसाला," अक्षय कळवळून म्हणाला. "आज चुकलं तर आबांनी वर्षभर घातलेले हेलपाटे पाण्यात. घरकर्ज नाय, खोल्या नाय. बयाणापण जाईल. परत त्या शाळेत जायचं आपण? की इथंच राहून त्या भेगेची वाट बघायची?"

"मला काय हौस हाय रे?" महिपतीचा आवाज चढला. "पन उद्या दहाव्याला पिंड ठेवायचा हाय तुज्या बापाचा. मी ठेवायला लावनार तुज्या हातानं. सुतक मोडून आलेल्या हातानं ठेवशील? आनि ठेवलास तर भावकी बसंल तुज्या पंगतीला?"

आता खांबाजवळच्यांनी जरा जास्तच माना डोलावल्या. अक्षयनं फोन खिशात ठेवला. तो काकाला भीत होता असं नाही. बापाच्या दहाव्याला कुणी उठून गेलं तर आईच्या जिवाला काय होईल, याला तो भीत होता, आणि हे सेजलला दिसत होतं.

मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "ताई भरेल की," तो म्हणाला. "ताईला सुतक नाय. ताईनं तिच्या पैशातून भरायचे, मी तेराव्यानंतर तिला देतो. घरातून पै बाहेर गेली नाय आणि हप्ताही गेला."

महिपतीनं क्षणभर विचार केला. "हे चालंल," तो म्हणाला. "ती परघरची. तिचा पैसा आपल्यात धरत नायत."

सगळ्या ओट्याला एकदम हायसं वाटलं. सकाळपासून एकमेकांना डोळे वटारणारी माणसं एका सुरात बोलायला लागली. हा विचार आधी कसा नाही सुचला, परघरची लेक असली की असं कामाला येतं, असं काहीबाही. कुणीतरी चहा मांडायला सांगितला.

सेजल तशीच उभी होती. गंमत अशी, की ती तेच सांगायला आली होती. सकाळी कामावर रजा टाकून, वाटेत एटीएमला थांबून, तिनं हप्त्याचे पैसे काढून आणले होते. पर्समध्ये होते. कुणी काही म्हणायच्या आधी तीच म्हणणार होती, मी भरते. पण ते शब्द दुसऱ्याच्या तोंडून आले. द्यायचं तिच्या मनातच होतं, पण ते या नावाखाली नव्हतं द्यायचं.

"परघरची," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण चहाची गडबड थांबली.

"अगं, तसं नाय..." अक्षय म्हणाला.

"तुझ्या लग्नाआधी मला तहसीलला नेलंत. काका होते, आबा होते. म्हणालात, सही कर, हक्क सोडला म्हणून, तू आता परघरची. मी केली. वाचलंसुद्धा नाय. आबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी न्हायला लावलंत. झालं तुझं, म्हणालात, तू परघरची. दुसऱ्या दिवशी मी कामावर उभी होते, अक्षय. बाप जाऊन चार दिवस झालेले आणि मी गोळ्यांची पाकिटं भरत होते. आणि आज हप्ता आला तेव्हा परत परघरची. कधीतरी नुकसानीत सोडून फायद्यातपण परघरची करा ना मला."

"म्हणजे वाटा पाहिजे काय तुला?" अक्षय उसळून म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याचं तोंड उतरलं. पण शब्द निघून गेला होता.

सेजलनं त्याच्याकडे बघितलं. लहानपणी याला पाठुंगळी घेऊन ती ओढा ओलांडायची. "भेगेखालच्या घराचा वाटा?" ती म्हणाली. "नको मला."

साक्षी दारातून बाहेर आली. एरवी चुलत सासऱ्यांसमोर न बोलणारी पोर ती, आता पुढं येऊन ओट्याच्या काठावर उभी राहिली. "ताई, तुमचं सगळं खरं हाय. मी तुमच्या जागी असते तर मलापण राग आला असता. पण ओवीला घेऊन मी त्या शाळेत परत नाय जाऊ शकत. यांच्यावर रागवा, माझ्यावर रागवा, पण आज भरा. पाया पडते."

ती खरंच वाकायला लागली. सेजलनं पुढं होऊन तिला धरलं, सुतकातल्या बाईला शिवायचं नसतं हे विसरून. महिपतीनं तोंड फिरवलं. "नको गो," सेजल म्हणाली. "भरते मी. भरणारच होते." तिनं पर्स खांद्याला अडकवली, स्कूटीची चावी हातात घेतली आणि पायरी उतरली.

"थांब, सेजल."

आवाज आतून, माजघरातून आला होता. रंगूबाई, तिची आई, आबा गेल्यापासून माजघरात दिव्याशेजारी बसून होती. जिथं आबांना निजवलं होतं तिथं तो दिवा पेटता ठेवला होता, आणि तो विझू नये म्हणून ती जवळजवळ उठतच नव्हती. बाहेरचं सगळं तिला ऐकू गेलं असणार. कुडाच्या भिंतीला कान नसले तरी कुडाच्या आत बसलेल्या बाईला असतात.

ती दारापर्यंत आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्या मोकळ्या हातांकडे बघायची सेजलला अजून सवय झाली नव्हती. हातात आबांची बंडी होती, घडी घातलेली. रंगूबाईनं बंडीच्या खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या.

"भावजी," ती म्हणाली.

खांबाजवळच्यांच्या माना वळल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून रंगूबाई थोरल्या दिराशी समोरासमोर बोलली नव्हती. डोक्यावर पदर घेऊन, मध्ये कुणालातरी घालून, 'त्यांना सांगा' असं बोलायची. आज मध्ये घालायचा माणूसच उरला नव्हता.

"भावजी, हे त्यांनी काढून ठेवलंवतं. राब भाजायला गेले त्याच्या आदल्या दिशी. म्हनाले, शेवटचा हाय, भरून आलो की बस. हा त्यांचा हप्ता हाय. हा मी आज देनार."

"रंगू," महिपती म्हणाला. त्यानंही तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं. "सुतकात नको. तू तरी नको. बाळनं असाच दिला होता. आयच्या सुतकात तारीख टळली, वसुलीवाला येऊन ओट्यावर बसला, चारचौघांत बोलला, पोर लाजलं. काढून दिलान खिशातनं. मी नको म्हनत होतो. वर्स भरलं नाय आनि कशेडीत..."

म्हणजे हे होतं. सेजल इतकी वर्षं काकाला हट्टी म्हणत आली होती. तो घाबरलेला होता. एकुलता एक पोर का गेला, याचं काहीतरी कारण त्याला पाहिजे होतं, आणि ते त्याला उंबऱ्यावर सापडलं होतं. तिला त्याची दया आली, आणि दोन मिनिटांपूर्वीचा राग कुठं ठेवावा हे समजेना.

"बाळ गेला तो दरड आली म्हनून," रंगूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रस्त्यावर इतक्या गाड्या होत्या, त्याच्याच गाडीवर आली. त्याच्या हातानं नाय आली. अक्षयची गाडी वडून नेऊ नये म्हनून सोताच्या खिशातलं दिलान त्यानं. चांगलं केलान. आनि तुमी इतकी वर्सं त्याच्याच हाताला दोष देताय. बापानं पोराला असा बोल लावू नये, भावजी. त्यानं काय वाईट केलान?"

महिपतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही. खांबाजवळची माणसं अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिली.

रंगूबाई उंबऱ्याच्या आत उभी राहिली. सेजल अंगणातून परत पायरी चढून आली. मध्ये तेवढा उंबरा. रंगूबाईनं रुमाल पुढं केला.

"आये, माझ्याकडं हायत पैसे," सेजल म्हणाली. "कशाला उगाच? मी भरते, कुणाचं काही मोडणार नाय."

"परघरचीचं पैसं मला नको," रंगूबाई म्हणाली. "आनि त्यांचं पैसं मी परघरचीच्या हातात देनार नाय. लेक म्हनून देते. धर."

महिपती म्हणाला, "मग तिला पन सुतक आलं, रंगू. लेक म्हनून घेतलान तर तिनं बी घरातलंच बाहेर दिलं, असं झालं."

"येऊ दे," रंगूबाई म्हणाली. "बाप तिचा पन गेलाय."

सेजलनं दोन्ही हात पुढं केले. आईचे हात थंड होते आणि रुमालाला अजून आबांच्या तंबाखूचा वास होता. तिला वाटलं, आता मोठ्यानं रडावं, इथंच उंबऱ्यावर बसून. पण खाली महाडला काउंटर बंद होणार होता.

ती वळली तेव्हा महिपतीची काठी अजून पायरीवर आडवी होती. तो ती उचलील की नाही याची तिला खात्री नव्हती. त्यानं काठी उचलून मांडीवर घेतली आणि पाय आखडून घेतले.

"उतारावर सावकाश हाक," तो म्हणाला. "वळनावर हारन दे."

"हो, काका."

अक्षय स्कूटीपर्यंत आला. तिनं किक मारायच्या आधी त्यानं नुसतं तिच्या गाडीच्या आरशावरची धूळ आपल्या बाहीनं पुसली. मग म्हणाला, "ताई, मघाशी तोंडातून गेलं."

"माहीत हाय," ती म्हणाली.

महाडला ती पोचली तेव्हा बाजारपेठेतल्या सावल्या रस्त्याच्या निम्म्यावर आल्या होत्या. कंपनीच्या काउंटरवरची मुलगी आवरायला लागली होती. सेजलनं रुमाल सोडून नोटा पुढं ठेवल्या. मुलीनं त्या मोजल्या, कॉम्प्युटरवर अक्षयचं खातं काढलं आणि मान वर न करता विचारलं, "कर्जदार स्वतः आलेले नाहीत. भरणारे कोण?"

"सेजल. त्याची बहीण." तिनं आधार कार्ड पुढं केलं.

"आडनाव वेगळं दिसतंय. लग्न झालंय ना तुमचं? मग मी 'इतर' असं टाकते."

"इतर नको," सेजल म्हणाली. "घरातली टाका."

मुलीनं आता मान वर केली, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता तसं टाकलं. पावती बाहेर आली. तारीख पाच.

विनीता मॅडमनी तिला आत बोलावलं. आबांचं त्यांना सकाळीच फोनवर कळलं होतं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आधी काम केलं. दोन्ही दाखले, तुळजाबाईंचा आणि बाळचा, वर्षभरापासून त्यांच्याकडे होते. विनंती लिहून तयार होती, फक्त शेवटच्या पावतीसाठी थांबली होती. ती जोडून त्यांनी सेजलच्या देखत ती मुख्य कार्यालयाकडे पाठवली.

"अट पूर्ण झाली आहे. त्यांना नाही म्हणायला आता कारण उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "महिनाभर लागेल. सिबिलवरून त्या दोन नोंदी निघाल्या की मी तुम्हाला फोन करीन, आणि तेव्हाच बँकेत परत जा. पावसाच्या आत व्हायला हवं."

"निघतील ना, मॅडम?"

"तुमच्या वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला होता," विनीता मॅडम म्हणाल्या. "तेव्हा मी नुसतं विनंती करीन म्हणाले होते. आज सांगते, निघतील."

सेजलनं मान हलवली. बाळ दरडीखाली गेला तो महिना आणि आजी गेली तो महिना, दोन्ही आता इतर महिन्यांसारखे हिरवे होणार होते. हे ऐकायला आबा पाहिजे होते, असं तिला इतकं वाटलं की तिनं टेबलाची कड धरली.

"कर्ज पुरं फिटलं की आम्ही तोंड गोड करून पाठवतो," विनीता मॅडम जरा संकोचून म्हणाल्या. त्यांनी कपाटातून पेढ्यांचा पुडा काढला होता, तो तसाच हातात होता. "आज द्यावा की नाही, मला कळत नाही. तुमचे तीन दिवस होऊन गेले असतील, म्हणून विचारते. सहदेवरावांच्या नावानं एक घ्या."

सेजलनं पुड्याकडे बघितलं. तिच्या पर्समध्ये आबांचा रिकामा रुमाल होता, आणि वर वाडीत दिवा पेटत होता. उद्या दहावा होता. ती आज रात्री कामावर फोन करून सांगणार होती की तेरावा होईपर्यंत येता येणार नाही.

"नको, मॅडम," ती म्हणाली, आणि म्हणताना इतक्या दिवसांचं रडू तिच्या डोळ्यांत आलं. "आम्हाला सुतक हाय."